एका बटणासाठी चाललेली किमतींची चढाओढ : पार्श्वभूमी

ऑनलाइन विक्रेता एकाच वस्तूची किंमत दिवसातून कित्येकदा का बदलतो, हे कळायला आधी उत्पादनाचे पान पाहावे लागते. प्रतिस्पर्धी नंतर येतो. नोव्हेंबर २००० मध्ये ॲमेझॉनने बाहेरच्या विक्रेत्यांना स्वतःच्या मालाच्याच पानावर जागा दिली. एका वस्तूला एकच पान मिळाले. त्यावरचे फोटो, वर्णन आणि ग्राहकांचे अभिप्राय सगळ्या विक्रेत्यांचे सामायिक झाले. स्वतःचे म्हणून विक्रेत्याकडे उरले ते रेटिंग, माल पोचवण्याची मुदत आणि किंमत. रेटिंग कमवायला महिने जातात, किंमत मात्र बसल्या जागी बदलता येते. पुढचे सगळे या रचनेतून आले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत १९७८ नंतर विमानभाडी सरकारी नियंत्रणातून सुटली आणि कंपन्या सामायिक संगणकीय यंत्रणेत एकमेकींची भाडी पाहू लागल्या. त्या यंत्रणेतून आगाऊ दिल्या जाणाऱ्या भाडेवाढीच्या सूचना म्हणजे आपसातली बोलणीच आहेत, असा सरकारी दावा होता. ते प्रकरण १९९४ मध्ये तडजोडीने मिटले. ऑनलाइन बाजारात हाच प्रश्न वीस वर्षांनी परत आला, पण या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात मोठ्या कंपन्या नव्हत्या, पोस्टर विकणारे होते.

ऑनलाइन चढाओढीची सुरुवात जुन्या पुस्तकांपासून झाली, कारण आयएसबीएन या पुस्तकावरच्या ओळख-क्रमांकामुळे दोन विक्रेत्यांचा माल एकच आहे हे यंत्राला लगेच कळते. तिथे भाव इतके पाडले गेले की हजारो पुस्तके १ सेंटला लागली. विक्रेत्याचा नफा ग्राहकाकडून मिळणाऱ्या ३.९९ डॉलरच्या टपालखर्चातून निघत असे. एवढ्या नोंदी हाताने बदलणे अशक्य झाल्यावर रिप्रायसर आले. हे सॉफ्टवेअर इतरांचे भाव वाचते आणि ठरवून दिलेल्या नियमाने आपला भाव बदलते. पहिल्या काळात ते ठरावीक अंतराने पाने चाळत असे. नंतर मार्केटप्लेसनेच, म्हणजे अनेक विक्रेत्यांना जागा देणाऱ्या ॲमेझॉनसारख्या साइटनेच, सोय केली: एखाद्या वस्तूच्या वरच्या २० ऑफर्समध्ये काहीही हलले की विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरला सूचना जाते. तेव्हापासून प्रतिसादाचा वेळ मिनिटांवर आला.

लढाई खरे तर बाय बॉक्ससाठी असते, म्हणजे खरेदीच्या बटणामागे त्या क्षणी कोणाचा माल असेल यासाठी. बहुतेक ग्राहक ते बटण दाबून मोकळे होतात आणि खालची यादी उघडतही नाहीत. सर्वांत स्वस्त असेल त्यालाच बटण मिळते असे नाही. मार्केटप्लेसच्या गोदामातून माल पाठवणारा विक्रेता थोडा महाग असूनही ते टिकवू शकतो. म्हणून जाणते विक्रेते सगळ्यांचे भाव पाहत बसत नाहीत, बटणावर असलेल्याचा भाव पाहतात. त्याच्याकडे किती नग उरलेत याचाही अंदाज घेतात. त्यासाठी बरीच वर्षे एक युक्ती प्रचलित होती. त्याचा माल कार्टमध्ये टाकायचा आणि संख्येच्या जागी ९९९ लिहायचे, की इतकेच नग शिल्लक आहेत असे पानच सांगे. चार नग उरले असतील तर भाव पाडायची गरज नाही, त्याचा माल संपेपर्यंत थांबलेले बरे. हे शहाणपण सॉफ्टवेअरच्या साध्या नियमात बसत नाही.

साधे नियम काय करू शकतात ते २०११ मध्ये दिसले. माश्यांच्या जनुकशास्त्रावरचे एक जुने, छपाई बंद झालेले पुस्तक दोन विक्रेत्यांकडे लागले होते. एकाचा नियम होता समोरच्याच्या ०.९९८३ पट, म्हणजे किंचित खाली. दुसऱ्याचा होता १.२७०५८९ पट. दुसऱ्याकडे बहुधा पुस्तक नव्हतेच. चांगल्या रेटिंगच्या भरवशावर ऑर्डर घ्यायची आणि पहिल्याकडून विकत घेऊन पाठवायचे, असा त्याचा हिशेब असावा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार एकाहून जास्त, त्यामुळे प्रत्येक फेरीत भाव सुमारे २७ टक्क्यांनी चढत गेला आणि एप्रिलमध्ये २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोचला. वरची मर्यादा कोणीच घातली नव्हती.

खालच्या मर्यादेचा धडा जास्त महाग पडला. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी ब्रिटनमधल्या एका रिप्रायसरमध्ये बिघाड झाला आणि तासभर अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल १ पेनीला लागला. नाताळचा हंगाम होता. बऱ्याच ऑर्डरी रद्द करता आल्या, पण गोदामातून आधीच निघालेला माल गेला तो गेला. आज किमान आणि कमाल किंमत भरल्याशिवाय बहुतेक रिप्रायसर सुरूच होत नाहीत.

आता पोस्टरचे प्रकरण. त्यावर जरा थांबायला हवे, कारण विक्रेत्यांमध्ये आजही त्याचा अर्थ सोयीने लावला जातो. ब्रिटनमधल्या दोन पोस्टर-विक्रेत्यांनी मार्च २०११ ते जुलै २०१४ या काळात असे ठरवले होते की तिसरा कोणी स्वस्त नसेल तर आपण एकमेकांचा भाव तोडायचा नाही. आधी त्यांनी हे हाताने पाळून पाहिले. माल इतका होता की ते जमेना, मग दोघांनी आपापली रिप्रायसर त्याप्रमाणे लावली. एकाने स्वतःहून नियामकाला माहिती दिली आणि तो दंडातून सुटला. दुसऱ्याला २०१६ मध्ये १,६३,३७१ पौंड दंड झाला आणि त्याच्या संचालकाला पाच वर्षे कोणत्याही कंपनीचे संचालकपद घ्यायला मनाई झाली. अमेरिकेत एप्रिल २०१५ मध्ये पोस्टरच विकणाऱ्या एकाने गुन्हा कबूल केला. ठरल्याप्रमाणे भाव लावण्याचा कोड त्याने स्वतः लिहिला होता. २०,००० डॉलरच्या दंडावर तोडगा निघाला.

यावरून ‘रिप्रायसर वापरणे बेकायदा’ असा समज पसरला, तो चुकीचा आहे. समोरच्याचा जाहीर भाव वाचून आपला भाव तेवढाच ठेवणे गुन्हा नाही. गुन्हा होता तो आधी झालेल्या बोलण्याचा. कुठल्याही रिप्रायसरमध्ये ठरावीक विक्रेत्याला वगळण्याची सोय असते. स्वतःचेच दुसरे खाते किंवा खराब रेटिंगचा विक्रेता तिथे टाकणे रास्त आहे. प्रतिस्पर्ध्याशी फोनवर ठरवून त्याचे नाव टाकले, की तीच खूण संगनमताचा पुरावा होते. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कोणीच कोणाशी बोलले नाही आणि तरीही सगळ्यांची यंत्रे ‘आधी खाली जायचे नाही’ हे शिकली तर काय? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतः शिकणाऱ्या प्रणालींनी संगणकातल्या बनावट बाजारात नेमके हेच केले होते: एकमेकींना काहीही न कळवता त्यांनी भाव स्पर्धेच्या पातळीच्या वर टिकवून धरले. संगनमताचा कायदा करार शोधतो, आणि इथे करार नाही.

माझ्या मते मात्र दोन पोस्टरवाल्यांपेक्षा बटणाच्या मालकाकडे, म्हणजे ॲमेझॉनकडे, नियामकांचे लक्ष आधी जायला हवे होते. ते गेले, पण हप्त्याहप्त्याने. इतरत्र स्वस्त विकायचे नाही ही विक्रेत्यांवरची अट ॲमेझॉनने युरोपात नियामकांच्या दबावानंतर २०१३ मध्ये सोडली, अमेरिकेत २०१९ मध्ये. २०२२ मध्ये युरोपात बाय बॉक्सशेजारी दुसरी ऑफर ठळक दाखवण्याचे बंधन तिने मान्य केले. तिच्याविरुद्धच्या सप्टेंबर २०२३ च्या अमेरिकी खटल्यात आरोप आहे की अट कागदावरून गेली, तरी तिचा परिणाम बटणातून चालूच आहे: दुसरीकडे भाव कमी आढळला की बटण काढून घेतले जाते. कंपनीला हे मान्य नाही. ग्राहकाला महाग ऑफर ठळक दाखवू नये यासाठीच ही व्यवस्था आहे, असे तिचे म्हणणे. जर्मनीच्या नियामकाने २०२५ मध्ये अशा किंमत-नियंत्रणाविरुद्ध प्राथमिक मत दिले.

विक्रेत्याच्या रोजच्या कामात याचा परिणाम असा झाला की नजर आता स्वतःवरही ठेवावी लागते. स्वतःच्या वेबसाइटवर सवलत लावली किंवा घाऊक माल घेणाऱ्याने तो दुसऱ्या मार्केटप्लेसवर स्वस्तात टाकला, तर मूळ पानावरचे बटण जाऊ शकते. अशा वेळी स्पर्धक हलला नाही तरी विक्री एकदम थांबते. त्यामुळे किमती टिपणारी साधने आता दोन कामे करतात. इतरांचे भाव वाचतात आणि आपलाच माल बाहेर कुठे, कितीला दिसतो हेही शोधतात. असा कमी भाव सापडला की बरेच विक्रेते मार्केटप्लेसवरची किंमत उतरवत नाहीत, बाहेरची वाढवतात.