तीन जाहिरातींची मर्यादा केव्हाच उठली

परवा दादरला एका मैत्रिणीने तिचा पाककृतींचा ब्लॉग दाखवला. ‘एका पानावर तीनच जाहिराती लावता येतात गं, म्हणून कमाई अडलीय.’ हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि ते चूक आहे. ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स. तिची तशी मर्यादा होती खरी, पण ती २०१६ मध्येच उठली. आता अट अशी, की जाहिराती मजकुरापेक्षा जास्त नकोत.

मग दहा लावायच्या? मुळीच नाही. तिच्या बोंबलाच्या कालवणाच्या पानावर तिन्ही जाहिराती अगदी तळाशी होत्या. वाटण कळलं की वाचक परत फिरतो, तळापर्यंत जातंय कोण? जाहिरात निम्मी तरी सलग एक सेकंद पडद्यावर राहिली, तरच ती पाहण्याजोगी धरतात. आम्ही एक उचलून साहित्य आणि कृती यांच्या मध्ये आणली. प्रत्येक जागेचं युनिट (अ‍ॅडसेन्समधली जाहिरातीची स्वतंत्र नोंद) वेगळं केलं, नावं दिली ‘साहित्याखाली’, ‘तळ’. अहवालात आता कुठली जागा किती कमावते ते वेगवेगळं दिसेल. एका वेळी एकच बदल करा आणि निदान दोन आठवडे थांबा, कारण सुट्टीच्या दिवशी वाचक वेगळेच असतात.

आणि कळकळीने सांगते, स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, घरच्यांनाही करायला लावू नका. खातं बंद होऊ शकतं.