‘रिअल फोटो’ की छापील? जुन्या पिक्चर पोस्टकार्डांची ओळख

जुन्या पिक्चर पोस्टकार्डांच्या व्यवहारात ‘रिअल फोटो’ हे दोन शब्द उच्चारले की भाव चढतो. कोल्हापुरात एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नव्या राजवाड्याचं कृष्णधवल कार्ड हातात घ्या, दुकानदार म्हणणारच, ‘‘ओरिजनल फोटो हाय भावा. मागं बघ की, पोस्टकार्ड छापलंय!’’ आता मागं छापलेल्या अक्षरांनी काहीच ठरत नाही. ती दोन्ही प्रकारच्या कार्डांवर असतात. कार्ड उलटं नाही, सुलटं धरून बघायचं असतं.

फोटो-कार्ड म्हणजे खराखुरा फोटोच. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून त्याचा थर दिलेला जाड कागद कंपनीतूनच मागं पत्त्याच्या रेघा आणि तिकिटाची चौकट छापून यायचा. स्टुडिओवाला त्यावर निगेटिव्ह ठेवून प्रकाश द्यायचा, कागद डेव्हलप करून धुवायचा की कार्ड तयार. १९०३ मध्ये कोडॅकनं सव्वातीन बाय साडेपाच इंची निगेटिव्ह देणारा ३ए हा घडीचा कॅमेरा काढला. निगेटिव्हच पोस्टकार्डाएवढी असल्यानं मोठं करून घ्यायची भानगडच उरली नाही आणि हौशी माणसालाही घरी कार्ड काढता येऊ लागलं. कुणाच्या आजोबांच्या पेटीत लग्नाचा फोटो सापडतो आणि मागं ‘पोस्ट कार्ड’ लिहिलेलं असतं, त्याचं कारण हेच. तो फोटो कुणाला टपालानं पाठवायचाच होता असं नाही. स्टुडिओत तो कागद होता, त्यावर काढला.

छापील कार्डाचं मूळही बहुतेकदा फोटोच असतं, म्हणूनच घोटाळा होतो. पण त्या फोटोवरून ठसा किंवा प्लेट करून, शाई लावून ते प्रेसवर छापलेलं असतं. चित्र घडतं ते शाईनं, चांदीनं नव्हे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातल्या प्रकाशकांची बरीच कार्डं जर्मनीतून छापून यायची. मागच्या कडेला बारीक अक्षरात ‘जर्मनी’ किंवा ‘सॅक्सनी’ दिसलं तर ते कार्ड बहुधा १९१४ च्या आधीचं समजावं.

ओळखायचं कसं? सोनार वापरतात तसं दहापटीचं भिंग घ्या, त्याहून महाग काही नको. बघायचं कुठं, हे मात्र नेमकं ठरवा. नवा माणूस भिंग सरळ गडद भागावर नेतो, आणि तिथं शाई साचून सगळं काळंच दिसतं. करड्या भागावर या: आकाश, माणसाचा गाल, रंकाळ्याचं पाणी. तिथं एका मापाच्या जाळीत बसवलेले ठिपके दिसले, गडदकडे जाताना मोठे आणि उजळाकडे बारीक होत गेलेले, तर तो हाफटोन. ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करताना फोटो जाळीच्या स्क्रीनमधून पुन्हा टिपायचे, त्याचीच ही खूण. असं कार्ड छापील, वाद संपला. फोटो-कार्डावर हे ठिपके नसतात. भिंगाखाली छटा नुसती वितळत जाते, आणि अजून जवळ गेलं तरी काही नवं हाती लागत नाही.

खरी गोम कोलोटाइप या छपाईच्या दुसऱ्या पद्धतीची आहे, आणि जाणत्यांचे वाद तिच्यावरूनच होतात. यात स्क्रीन नसते, त्यामुळे ठिपकेही नसतात. काचेवर प्रकाशाला संवेदनशील केलेलं जिलेटिन पसरायचं, निगेटिव्हखाली प्रकाश द्यायचा. जिथं प्रकाश जास्त पडला तिथं जिलेटिन घट्ट होऊन शाई धरतं, कमी पडला तिथं पाणी पिऊन फुगतं आणि शाई झिडकारतं. थर वाळताना त्याला अतिसूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि त्या चित्रात उतरतात. नुसत्या डोळ्यांनी कार्ड इतकं मऊ दिसतं की फोटोच वाटावा. भिंगाखाली मात्र नागमोडी, किड्यांनी कोरल्यासारखा बारीक रवा दिसतो, कुठं विरळ, कुठं दाट, पण सरळ ओळीत कधीच नाही. एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. एका काचेवरून साधारण हजार-दोन हजार प्रतीच धड निघायच्या, म्हणजे चांगलं कोलोटाइप कार्डही काही रस्त्यावर पडलेलं नसतं. आणि मागं ‘फोटोटाइप’ असं छापलेलं बघून हुरळू नका. ते छपाईच्याच पद्धतीचं नाव आहे, मुंबईत तर त्या नावाची कार्ड छापणारी कंपनीच होती.

चकाकीवरही विसंबू नये. काही छापील कार्डांना वॉर्निश मारून चमक आणलेली असते, आणि मॅट कागदावरचे अस्सल फोटोही भरपूर आहेत. त्यापेक्षा कार्ड खिडकीपाशी न्या आणि तिरपं धरा. जुन्या फोटोत गडद भागावर, विशेषतः कडांजवळ, निळसर-रुपेरी साय आल्यासारखी दिसते. आतली चांदी पृष्ठभागावर येऊन आरशासारखी चमकते ती ही. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस या कामाला हातभारच लावतो. शाईला असलं काही होत नाही. नव्या राजवाड्याच्या कमानींखाली असा रुपेरी पडदा दिसला तर दुकानदार या खेपेला खरं बोलतोय.

मजकुराचीही मदत होते. फोटो-कार्डावर नाव लिहायचं तर निगेटिव्हवर काळ्या शाईनं उलट्या अक्षरात लिहीत, ते कार्डावर पांढरं उतरे. त्यामुळे थोडं वाकडंतिकडं, हातानं लिहिलेलं पांढरं नाव ही फोटोची खूण. छापील कार्डाचं नाव खिळ्यांच्या अक्षरांत, बहुधा काळ्या, लाल किंवा निळ्या शाईत. पण असंच पांढऱ्या नावाचं फोटो-कार्ड समोर ठेवून कुणी त्याचा हाफटोन ब्लॉक केला, तर पांढरं नावही छापलं जातं. शेवटी भिंगच.

रंगीत कार्डांत एक गंमत असते. त्या काळातल्या रंगीत फोटो-कार्डावर रंग हातानं भरलेला असतो, कुंचल्याची कड रेषेबाहेर गेलेली दिसते. छापील कार्डावर रंगही प्रेसवरच चढतो, आणि तो ठरवणाऱ्यानं मूळ जागा पाहिलेली असेलच असं नाही. मेजर मॅन्ट यांनी आराखडा केलेला आपला नवा राजवाडा काळ्या दगडाचा. एखाद्या कार्डावर तो गुलाबी दिसला तर इतिहासाची नवी माहिती हाती लागली असं समजू नये. चित्रकारांनी काढलेली कार्डं तर सरळ छापीलच. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या माणसांची जी चित्रं काढली, त्यांची कार्डं गेल्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. ती छापील आहेत म्हणून कुणी कमी लेखत नाही, आणि लेखूही नये.

यावरूनच भावाचा मुद्दा येतो. रिअल फोटो म्हणजे दुर्मीळ हे समीकरण मला मान्य नाही. लंडन-बर्लिनच्या कंपन्या गुंडाळीच्या फोटोकागदावर यंत्रानं नटनट्यांचे अस्सल फोटो हजारोंनी काढत होत्या. ती चांदीची कार्डं आजही ढिगानं मिळतात. उलट स्थानिक स्टुडिओत काढलेलं कार्ड कधीकधी पाच-सहा प्रतींपलीकडे गेलेलंच नसतं. उदाहरणार्थ पैलवानाचं कार्ड घ्या: लंगोट, खांद्यावर गदा, मागं स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर विलायती खांब आणि कठडा, आणि पायाखाली मात्र साधी सतरंजी. पाठीवर तिकिटाच्या चौकटीत ‘अ‍ॅझो’ हे कागदाचं नाव आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण. चारही टोकं वर असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर-दोन खाली असतील तर त्यानंतरचा. म्हणजे कोल्हापुरातलं कुस्त्यांचं १९१२ चं खासबाग मैदान तेव्हा नवं-नवं होतं किंवा व्हायचं होतं, एवढा काळ हाती लागतो. पैलवानाचं नाव कळो न कळो, मी अशा कार्डाला राजवाड्याच्या कुठल्याही फोटो-कार्डापेक्षा जास्त मोजीन. राजवाडा आजही उभा आहे.

पाठीवरून काळ ठरवायची आणखी एक रीत दोन्ही प्रकारांना लागू पडते. आधी पत्त्याच्या बाजूला फक्त पत्ताच लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. ब्रिटननं १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, मग इतर देशांनी. मधली उभी रेघ नसलेली पाठ म्हणजे जुनी, एवढं मनात ठेवलं तरी बस.

सांभाळण्यात मात्र दोघांची तऱ्हा वेगळी आहे. छापील कार्डाचा शत्रू म्हणजे कागदावर पडणारे तपकिरी डाग आणि दुमडलेले कोपरे. फोटो-कार्डाचं जिलेटिन ओल धरून फुगतं आणि काचेला किंवा गुळगुळीत प्लास्टिकला चिकटतं. ते सोडवायला गेलं की चेहराच सोलून निघतो. म्हणून फोटो-कार्ड काचेला टेकवून फ्रेम करू नये, मध्ये माउंटची, म्हणजे कडेच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा ठेवावी. ओल्या फडक्यानं पुसणं तर दूरच. चिकट पानांचे अल्बम, लॅमिनेशन आणि पीव्हीसीचे पाउच दोघांनाही वाईट. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाउच घ्यावेत, कार्डं उभी ठेवावीत, आणि जूनच्या आत डबा भिंतीला लागून असलेल्या कपाटातून हलवावा.