घोड्याची कंबर ‘बसवणं’: कायरोप्रॅक्टिक कुठे थांबतं, फिजिओथेरपी कुठे सुरू होते

घोडा मागून वाकडा चालायला लागला की तबेल्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “कंबर सरकलीय, कुणाकडून तरी बसवून घ्या.” मग कुणी कायरोप्रॅक्टर (हातानं झटका देऊन सांधे मोकळे करणारा) सुचवतं, कुणी फिजिओथेरपिस्ट, आणि जो आधी मिळेल त्याला बोलावलं जातं. दोघंही पुठ्ठ्यावर हात ठेवतात, दोघंही सांध्यांबद्दल बोलतात. त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे, पण तिची किंमत घोडा मोजतो.

आधी ‘सरकलीय’ हा शब्दच तपासू. घोड्याची श्रोणी (कमरेच्या हाडांचं कडं) त्रिकास्थीला, म्हणजे एकत्र जुळलेल्या पाच मणक्यांच्या हाडाला, दोन्ही बाजूंनी जाड अस्थिबंधांनी आवळून बांधलेली असते. मागच्या पायांचा सगळा रेटा याच सांध्यांतून कण्यात जातो, म्हणून ते जेमतेम हलतात. साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावराचा हा सांधा खरोखर निखळला तर ती गंभीर इजा असते आणि ती कुणाच्या हातानं बसत नाही. मग डोळ्यांना दिसतो तो वाकडेपणा कशाचा? पुष्कळदा स्नायूंचा. एक पाय कमी वापरला गेला की त्या बाजूचा पुठ्ठा ओसरतो, नाहीतर एका बाजूचे स्नायू आखडून घोडा श्रोणी तिरकी धरतो. कधी फाटकावर आपटून कमरेच्या टोकाचा तुकडा मोडलेला असतो. ती बाजू कायमची बसकी दिसते, तरी असे कित्येक घोडे पुढे व्यवस्थित काम करतात. धडधाकट घोड्यांतही पुठ्ठ्याच्या माथ्यावरची दोन टोकं अगदी सारखी नसतात.

गोंधळात भर घालणारा आणखी एक शब्द म्हणजे सबलक्सेशन. वैद्यकात त्याचा अर्थ अर्धवट निखळलेला सांधा. कायरोप्रॅक्टर तोच शब्द वापरतो तेव्हा त्याला बहुधा हालचाल अडलेला सांधा म्हणायचं असतं. मालकाच्या कानावर मात्र ‘हाड जागेवर नाही’ एवढंच पडतं.

कायरोप्रॅक्टिक ही मुळात माणसांसाठीची पद्धत. १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. जनावरांवर उपचार करणाऱ्यांची तिथली संघटना १९८९ मधली. घोड्याजवळ आलेला चांगला कायरोप्रॅक्टर एकेक सांधा हलवून बघतो आणि विचारतो: कुठला अडलाय? सापडला की योग्य कोन मिळावा म्हणून चौरंगावर किंवा गवताच्या गठ्ठ्यावर उभा राहून, त्या सांध्याच्या दिशेनं एक छोटा, झटपट झटका देतो. यात ताकदीपेक्षा वेग महत्त्वाचा. कधी ‘कट्’ आवाज येतो. तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. अशा उपचारानंतर पाठ दाबल्यावर होणारं दुखणं कमी झाल्याचं आणि पाठ जास्त लवचीक झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. हा फायदा खरा आहे. पण मागचा पाय धरून जोरानं खेचणारा किंवा हातोडीनं ठोकणारा माणूस मी माझ्या जनावराजवळ उभा राहू देणार नाही.

फिजिओथेरपिस्टचा प्रश्न वेगळा: हा घोडा स्वतःचं अंग कसं वापरतो आणि तसं का वापरतो? म्हणून त्याची तपासणी चालीपासून सुरू होते. सरळ रेषेत चाल, दुडकी, लहान वर्तुळ, चार पावलं मागे. कमरेच्या दोन्ही टोकांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून मागून बघा. दुडकीत कुठली बाजू जास्त वर-खाली होते ते नवख्यालाही दिसतं. मग हात. आखडलेल्या स्नायूवर अंगठा ठेवला की कातडी थरथरते, शेपूट आवळली जाते. मालिश, शेक, लेझर, विद्युत उपचार हे सगळं दुखणं उतरवायला. खरं काम त्यानंतरच्या व्यायामात आहे.

गाजराचंच घ्या. घोड्याला चौकोनी उभं करून गाजर हळूहळू फासळ्यांकडे, मग कमरेकडे, मग मागच्या पायाकडे न्यायचं, आणि तोंड तिथे पोचलं की काही सेकंद तसंच धरायला लावायचं. खेळ वाटतो, पण मान वळवताना तोल सावरायला कण्यालगतचे खोल स्नायू घट्ट व्हावे लागतात. २०११ च्या एका अभ्यासात ८ घोड्यांकडून ३ महिने, आठवड्यातून ५ दिवस असे व्यायाम करून घेतले, आणि सोनोग्राफीत मल्टिफिडस हा कण्याला आधार देणारा स्नायू जाड झालेला दिसला. याच्या जोडीला जमिनीवरच्या दांड्यांवरून चालणं, चढावर संथ चाल, दोन-तीन पावलं मागे सरकणं. यातलं बरंचसं रोज मालकालाच करायचं असतं, आणि तिथेच पुष्कळ जण कंटाळतात.

या दोघांच्याही आधी पशुवैद्य. श्रोणीचं हाड मोडलं असेल तर टोकदार कडेनं शेजारची मोठी धमनी फाटू शकते आणि घोडा अंतर्गत रक्तस्रावानं मरतो. अशा कमरेला झटका देणं जीवघेणं, व्यायामही तितकाच चुकीचा. दांडगे स्नायू आड येतात म्हणून तिथला एक्स-रे सोपा नाही. बाहेरून आणि गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी, हाडांचा स्कॅन, सांध्याभोवती भूल देऊन दुखणं थांबतं का ते पाहणं, यांतून निदान होतं. आणि कमरेचं दुखणं वाटतं ते पुष्कळदा गुडघ्यातलं किंवा टाचेच्या सांध्यातलं निघतं.

हे मी उशिरा शिकले. माझी घोडी चिखलात मागून घसरली. तिला कँटरला, म्हणजे संथ दौडीत, उजवा पुढचा पाय पुढे ठेवून धावणं (उजवी बाजू पकडणं) जमेना, दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकायची. दोन महिन्यांत तीनदा मी ‘कंबर बसवून’ घेतली; दरवेळी दोन दिवस मोकळी चालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोकळा झालेला सांधा धरून ठेवायला डाव्या पुठ्ठ्यात ताकदच नव्हती, आणि ती आणायचं काम कुणीच करत नव्हतं. शेवटी पशुवैद्यांनी मोड नसल्याची खात्री केली, मग कायरोप्रॅक्टरनं अडलेले सांधे एकदा मोकळे केले, दोन दिवस नुसतं हातात धरून फिरवलं आणि तिसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलेले व्यायाम सुरू केले.

आठव्या आठवड्यात नालबंद आला. डावा पाय मांडीवर घेतला की अंग टाकणारी, पाय हिसकावणारी माझी घोडी नाल ठोकून होईपर्यंत तीन पायांवर शांत उभी राहिली.