रक्तात सोडायचा चुंबक केवढा असावा?

इंदूरला राजवाड्याच्या बाजारात चुंबकाची कडी विकणारे दिसतात. ‘खून में लोहा है, चुंबक उसको खींचता है’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्या मराठी घरांतली शिकलेली माणसंही ती कडी हातात घालतात, याचं मला वाईट वाटतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये सुट्या अणूंच्या रूपात बांधलेलं असतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. कडीने रक्त ओढलं जात असतं, तर एमआरआयच्या दीड टेस्ला एवढ्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं एकक) जबरदस्त चुंबकात शिरलेला माणूस जिवंत बाहेर आला नसता.

पण रक्तात खराखुरा चुंबक सोडता येतो. मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडचे नॅनोकण शिरेतून दिले, की एमआरआयच्या चित्रात निरोगी यकृत काळवंडतं आणि गाठ उठून दिसते. अमेरिकेत 1996 साली असं औषध मंजूर झालं होतं. गाठीतच कण टोचून बाहेरून उलटसुलट चुंबकक्षेत्र दिलं, तर गाठ तापते. मेंदूच्या गाठींसाठी या उपचाराला युरोपात 2010 साली परवानगी मिळाली.

कण बनवणं सोपं आहे. लोहाचे फेरिक आणि फेरस हे दोन प्रकारचे क्षार दोनास एक प्रमाणात घेऊन त्यांत अमोनिया घातला, की काळा साका बसतो. कस लागतो तो हे कण शरीरात निर्धोक ठेवताना.

कण एकमेकांना चिकटले तर गुठळी होऊन केशवाहिन्या तुंबतील. म्हणून बाहेरचं क्षेत्र असेपर्यंतच चुंबक राहील, असा कण हवा. ही सोय निसर्गातच आहे, आणि तिचं गणित मला फार सुंदर वाटतं. इतक्या लहान कणात चुंबकत्वाची एकच दिशा असते. ती उलटायची तर ऊर्जेचं एक टेकाड ओलांडावं लागतं, आणि त्याची उंची कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. टेकाड बुटकं असेल तर शरीराची साधी उष्णताच दिशा सारखी उलटवत राहते. मात्र उलटण्याला लागणारा वेळ उंचीच्या सरळ पटीत वाढत नाही, घातांकी वाढतो. 10 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) व्यासाच्या मॅग्नेटाइटचा हिशेब केला, तर टेकाड औष्णिक ऊर्जेच्या साधारण दीडपट येतं. दिशा काही नॅनोसेकंदांत उलटते, म्हणून सरासरी चुंबकत्व शून्य. व्यास 30 नॅनोमीटर केला की आकारमान 27 पट होतं, टेकाड औष्णिक ऊर्जेच्या चाळीस पटींच्या आसपास जातं, आणि एकदा उलटायला काही महिने ते काही शतकं लागू शकतात. व्यास फक्त तिप्पट, आणि कण कायमचा चुंबक! धाकट्या कणांच्या या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात.

तरीही उघडे कण इतर कारणांनी चिकटतातच. म्हणून त्यांच्यावर डेक्स्ट्रानसारख्या बहुशर्करेचं आवरण चढवतात. रक्ताल्पतेसाठी सलाईनमधून चढवतात ते तपकिरी आयर्न सुक्रोजही याच जातकुळीचं: आत लोहाच्या संयुगाचा गाभा, भोवती साखर. फक्त ते चुंबक नाही.

मॅग्नेटाइट हवेत हळूहळू ऑक्सिडीभूत होऊन तपकिरी मॅग्हेमाइट बनतं. क्ष-किरणांच्या आलेखात दोघं जवळपास सारखीच दिसतात. त्यांना वेगळं ओळखायला मॉसबाऊर वर्णपटमापन ही गॅमा किरणांनी लोहाची अवस्था तपासायची पद्धत कामी येते, आणि ती आपल्या इंदूरच्या खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्रात वापरतात.

‘नॅनोकण थेट कॅन्सरपेशीपर्यंत पोहोचतात’ अशा बातम्या जपून वाचाव्यात. शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात. तिथे लयकारिकांच्या, म्हणजे पेशीतल्या पचनपिशव्यांच्या, आम्लात ते विरघळतात. लोह एकदम सुटलं, तर फेरस आयन हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय आक्रमक कण तयार करतात, आणि हे मूलक डीएनए तोडतात. ही फेंटन अभिक्रिया. विरघळणं सावकाश झालं, तर फेरिटिन हे प्रथिन लोह साठवून घेतं. त्याच्या एका पोकळ गोळ्यात सुमारे 4500 अणू मावतात. 1996 च्या त्या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोला 0.56 मिलिग्रॅम लोह, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 34 मिलिग्रॅम होती. जुन्या तांबड्या पेशी मोडून या भक्षक पेशी रोजच 20 ते 25 मिलिग्रॅम लोह हाताळतात.

एवढ्याने सगळं साधत नाही. फेरुमॉक्सिटॉल हे असंच शर्करावेष्टित औषध अमेरिकेत 2009 साली रक्ताल्पतेसाठी मंजूर झालं. पुढे काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली, काही दगावले. 2015 साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. आता ते झटकन टोचत नाहीत. पातळ करून किमान पंधरा मिनिटं चढवतात आणि नंतर निदान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात.