नाडीच्या ठोक्यांवरून कॅलरी: घड्याळातल्या आकड्याचा उगम

पळून आल्यावर मनगटावरचं घड्याळ ‘३९६ कॅलरी’ असं काही सांगतं तेव्हा त्याने कॅलरी मोजलेल्या नसतात. त्याने मोजलेले असतात मुख्यतः हृदयाचे ठोके. ठोक्यांवरून ऑक्सिजन किती लागला याचा अंदाज आणि ऑक्सिजनवरून उष्णता किती निघाली याचा हिशोब, असा तो आकडा बनतो. यातला दुसरा भाग भक्कम आहे. सगळी गोची पहिल्या भागात आहे.

सुरुवात अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये झाली. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते पाहिलं. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा निष्कर्ष त्यांनी १७८३ साली मांडला. पुढे १७९०च्या सुमारास लाव्हाझिएचा सहकारी आर्मां सेगँ स्वतःच प्रयोगाला बसला. तोंडावर मुखवटा, पायाखाली दाबायची पट्टी, आणि शेजारच्या टेबलावर नोंदी घेणाऱ्या लाव्हाझिएच्या पत्नी, मादाम लाव्हाझिए. तो प्रसंग त्यांनी स्वतः रेखाटला म्हणून आज आपल्याला दिसतो. काम केलं की ऑक्सिजनचा खप वाढतो आणि त्यासोबत नाडीही वाढते, हे तिथे नोंदवलं गेलं. आजच्या घड्याळामागची मूळ कल्पना हीच, आणि मला तिचं अजूनही अप्रूप वाटतं. १७९४च्या मे महिन्यात लाव्हाझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

जवळपास शंभर वर्षांनी अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात, ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणूस आत राहू शकेल एवढी बंद खोलीच उष्णतामापक म्हणून बांधली. माणूस आत दिवसेंदिवस राही, जेवे, झोपे. काही प्रयोगांत आत बसवलेली सायकलही चालवे. अन्नातून आत गेलेली ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडलेली ऊर्जा यांचा मेळ बसला. त्यातून हिशोब सोपा झाला: शरीराने वापरलेला एक लिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण ५ किलोकॅलरी. (आहारात आपण ‘कॅलरी’ किंवा ‘उष्मांक’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरीच.) १९११मध्ये ऑक्सफर्डच्या डग्लसने उच्छ्वास गोळा करायची पिशवी आणली आणि मोजमाप खोलीबाहेर पडलं.

पण पिशवी पाठीवर घेऊन रोज कोण पळणार? नाडी मात्र कुठेही मोजता येते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फिकने १८७०मध्ये मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे ऑक्सिजनचा खप तीन गोष्टींचा गुणाकार असतो: ठोक्यांची संख्या, दर ठोक्याला हृदयाने फेकलेलं रक्त, आणि धमनी व शिरेतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. घड्याळाला यातली पहिलीच कळते. उरलेल्या दोन गृहीत धराव्या लागतात. मध्यम श्रमाच्या टप्प्यात ठोके आणि ऑक्सिजन जवळपास सरळ रेषेत वाढतात, म्हणून हे चालून जातं. याच नात्यावर ओस्ट्रांड आणि रिमिंग यांनी १९५४मध्ये स्वीडनमध्ये दमसासाचा अंदाज देणारा तक्ता बनवला.

ठोके चालता-पळता मोजण्याचं श्रेय फिनलंडचं. ओउलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनाय्याकांगास यांना १९७५मध्ये स्कीइंगच्या वाटेवर एका प्रशिक्षकाने अडचण सांगितली: सरावात खेळाडूचे ठोके नीट नोंदवायला साधनच नाही. १९७७मध्ये त्यांनी पोलर ही कंपनी काढली. १९८२मध्ये छातीचा पट्टा आणि त्याचे संकेत बिनतारी पकडणारा मनगटावरचा रिसीव्हर अशी जोडी बाजारात आली. हिरव्या प्रकाशाने मनगटातला रक्तप्रवाह पाहणारी घड्याळं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

ठोक्यांवरून कॅलरी काढणाऱ्या सूत्रांपैकी एक बहुचर्चित सूत्र केप टाउनच्या संशोधकांनी २००५मध्ये दिलं. ते नियमित व्यायाम करणाऱ्या, १८ ते ४५ वयाच्या ११५ जणांवर बेतलेलं आहे. त्यात ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष आणि मिनिटाला १४० ठोके घातले तर मिनिटाला साधारण १३ किलोकॅलरी येतात, म्हणजे अर्ध्या तासाला सुमारे ३९६. आता त्याच माणसाला खुर्चीत बसवा आणि ७० ठोके घाला. उत्तर येतं मिनिटाला २.६. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेला असा माणूस १.२च्या आसपास खर्च करतो. सूत्र व्यायामासाठी बनलं आहे, बसण्यासाठी नाही. ऊन, कॉफी, भीती, शरीरातलं पाणी कमी होणं, यांनी ठोके वाढतात, पण ऑक्सिजनचा खप त्या प्रमाणात वाढत नाही. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) घेणाऱ्याचं उलट होतं: श्रम होतात, ठोके दबलेले राहतात. म्हणून त्या आकड्याच्या भरवशावर ताटात एक पोळी जास्त घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

२०१७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली. तुलनेला सेगँच्या वेळचाच मार्ग होता: श्वासातले वायू मोजणं. ठोक्यांमध्ये सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांहून कमी निघाली. कॅलरीत सर्वांत अचूक उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.