परदेशी निघताना बॅगेत काय नको, आणि अडकलात तर काय करायचं

तिकीट हातात पडलं की घरात पहिली गडबड डब्याची होते. दुबईला निघालेल्या पोराच्या बॅगेत आई अनारसे, डिंकाचे लाडू आणि सावजी मसाल्याची पुडी भरते. या तिन्हींत बहुतेक घरी खसखस पडते. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये मात्र तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्याच बोंडातली. म्हणून तिकिटासोबत हे पत्रक देतो आहोत. घरच्यांनाही वाचून दाखवा, बॅग तेच भरतात.

भांगेचंही तसंच. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा; नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणून शिवरात्रीची भांग इथे चालून जाते. तिकडे ही सवलत नाही. खर्रा हे काही ड्रग नाही, पण सिंगापुरात चघळायचा तंबाखू नेताच येत नाही. आणि पन्नीत बांधलेला तो भुरका पदार्थ काय आहे, हे कस्टमवाल्याला विमानतळावर उभं राहून समजावायची हौस कोणाला असेल तर असो.

औषधांची चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन: ही आपल्या मेडिकलमधून आणलेली औषधं अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. ती न्यायचीच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि मूळ पाकीट हवं. शिवाय तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते. सुट्या गोळ्या कागदात गुंडाळून नेऊ नका.

आता पार्सल. ‘एवढं माह्या पोराले देजो बाप्पा’ असं म्हणत शेजारची काकू डबा हातात देते, आणि नाही म्हणताना जीभ अडते. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं दोह्याला गेलं. नात्यातल्या बाईनं दिलेल्या पाकिटात चार किलोच्या वर चरस निघाला. बायको गरोदर होती, बाळंतपण तुरुंगात झालं. दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा लागली. इथे घरच्यांनी तक्रार केली, अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोनं तपास केला, त्याचे कागद सरकारमार्फत कतारला गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये दोघं सुटून आले. त्यामुळे पार्सल घ्यायचंच असेल तर देणाऱ्यासमोर उघडा, फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. शिवून, चिकटवून दिलेलं घेऊच नका, मग काकू रुसल्या तरी चालेल.

‘मला माहीत नव्हतं’ हे तिकडे का चालत नाही? सिंगापूरच्या १९७३ च्या कायद्यात, माल तुमच्या ताब्यात सापडला की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं धरूनच खटला सुरू होतो. दोन ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉईन असेल तर ते विकायलाच आणलं, असंही धरतात. हे खोटं आहे, ते तुम्ही सिद्ध करायचं. १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉईनची किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी शाबीत झाली, तर फाशी. मलेशियानं २०२३ मध्ये सक्तीची फाशी काढली, पण फाशी पुस्तकातून गेलेली नाही. सौदीत तर २०२२ पासून ड्रगच्या गुन्ह्यात पुन्हा देहदंड दिले जाऊ लागले.

धरलं गेलंच तर आरडाओरडा नको, अधिकाऱ्याच्या हातात नोट ठेवणं तर अजिबात नको. तो वेगळा गुन्हा होतो. ‘भारतीय दूतावासाला कळवा’ एवढं पहिलं म्हणा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे हे मागायचा हक्क तुम्हाला आहे. जबाब अरबीत लिहिलेला असेल तर दुभाषा मागा आणि कळल्याशिवाय सही करू नका. पुढे कोर्टात सगळ्यात जास्त त्रास याच सहीचा होतो.

दूतावासाचा माणूस तुरुंगात भेटतो, घरी कळवतो, वकिलांची यादी देतो. तो खटला लढत नाही आणि सोडवूनही आणत नाही. गरजूंना दूतावासाच्या कल्याण निधीतून वकिलासाठी मदत मिळू शकते, सरसकट नाही. फाशीच्या खटल्यात ऐपत नसेल तर सिंगापूर आणि अमिराती दोन्हीकडे सरकारी खर्चानं वकील मिळतो. शिक्षा झालीच, तर काही देशांशी भारताचा करार आहे. अमिराती आणि कतार त्यात आहेत. दोन्ही सरकारं आणि कैदी तयार असले तर उरलेली शिक्षा इथल्या तुरुंगात भोगता येते.

घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकावी. पार्सल कोणी दिलं होतं ते माहीत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्यावं, पोच घ्यावी. ‘दोन लाख द्या, पोराला उद्या सोडवतो’ म्हणणारा फोन येतोच. वावर गहाण टाकून त्याला पैसे देऊ नका.

आम्ही तिकीट आणि व्हिसाचं काम करतो, वकील नाही. तरी निघायच्या दोन दिवस आधी औषधं आणि बॅगेतल्या खाण्याची यादी घेऊन दुकानात या, सोबत बसून पाहू. याची फी नाही. खसखशीचे अनारसे निघाले तर ते मात्र इथेच ठेवून घेऊ.