ओपनशिफ्ट क्लस्टरचे कमांड लाइनवरून अपग्रेड

ओपनशिफ्ट हा रेड हॅट कंपनीचा, कुबरनेटिसवर (कंटेनर, म्हणजे स्वतंत्र बांधलेले प्रोग्राम, अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या प्रणालीवर) उभारलेला कंटेनर प्लॅटफॉर्म. त्याचा चालू क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा समूह) ‘ओसी’ या कमांड लाइन साधनातून पुढच्या आवृत्तीवर नेण्याच्या कामाची ही नोंद आहे. चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१९ पासून, हे काम वरकरणी एका ओळीचे झाले आहे : ‘ओसी ॲडम अपग्रेड’ लिहायचे आणि ‘टू’ या पर्यायापुढे हवी ती आवृत्ती द्यायची. मात्र ही ओळ स्वतः काहीच बसवत नाही. क्लस्टरमधल्या ‘क्लस्टर व्हर्जन’ या नोंदीत ‘अमुक आवृत्ती हवी आहे’ एवढे लिहून ती मोकळी होते. पुढचे सगळे क्लस्टर स्वतःच करतो. म्हणून कमांड देऊन लॅपटॉप मिटला तरी अपग्रेड चालूच राहते, आणि कंट्रोल-सी दाबून ते थांबवताही येत नाही. ‘क्लिअर’ या पर्यायाने मागणी रद्द होते, पण अपग्रेड प्रत्यक्ष सुरू होण्याआधीच.

ही रचना आली कोअरओएस या कंपनीकडून. रेड हॅटने ही कंपनी २०१८ मध्ये विकत घेतली. तोवर २०१५ च्या तिसऱ्या पिढीतले अपग्रेड अन्सिबल या स्वयंचलन साधनाच्या प्लेबुकांवर (कामांच्या लिखित याद्यांवर) चाले आणि नोडवरची (क्लस्टरमधल्या एकेका यंत्रावरची) लिनक्स ही वेगळीच जबाबदारी असे. कोअरओएसची लिनक्स मात्र स्वतःच स्वतःला अद्ययावत करत असे. तोच विचार चौथ्या पिढीत आला. ऑपरेटिंग सिस्टिमही क्लस्टरच्या ताब्यात गेली, आणि मंचाचा प्रत्येक भाग सांभाळायला एकेक ऑपरेटर, म्हणजे देखरेख करणारा प्रोग्राम, नेमला गेला. या सगळ्यांच्या वर ‘क्लस्टर व्हर्जन ऑपरेटर’ असतो.

कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर जाता येईल हे एका आलेखातून ठरते. आवृत्त्या हे त्याचे बिंदू आणि मान्य उड्या या रेषा. हा आलेख देणाऱ्या व्यवस्थेचे नाव सिनसिनाटी. एखाद्या उडीत दोष सापडला की ती रेषा काढून टाकली जाते, म्हणून काल दिसलेली वाट आज दिसेलच असे नाही. ४.१० पासून काही रेषा सशर्त असतात : तुमच्या क्लस्टरला तो दोष लागू असेल तरच त्या शिफारशीतून गळतात. कोणताही पर्याय न देता ‘ओसी ॲडम अपग्रेड’ म्हटले तर काही बदलत नाही, फक्त उपलब्ध वाटा छापल्या जातात. वाटा कोणत्या दिसणार ते चॅनलवर, म्हणजे निवडलेल्या आवृत्ती-प्रवाहावर, अवलंबून असते. ‘कँडिडेट’ चाचणीसाठी, ‘फास्ट’ आणि ‘स्टेबल’ प्रत्यक्ष वापरासाठी, आणि सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना दीर्घ आधाराचे ‘ईयूएस’. ‘फास्ट’मधल्या उड्यांनाही कंपनीचा पूर्ण आधार असतो; ‘स्टेबल’मध्ये त्याच उड्या थोड्या उशिराने येतात, एवढाच फरक.

पूर्वतयारी

अपग्रेडचे खरे काम कमांडच्या आधीचे आहे. ‘ओसी गेट क्लस्टरऑपरेटर्स’च्या यादीत प्रत्येक ऑपरेटर उपलब्ध हवा, एकही बिघडलेला नको. मशीन कॉन्फिग पूल, म्हणजे एकाच मांडणीच्या नोडचे गट, अद्ययावत हवेत. एटसीडीचा (क्लस्टरची स्थिती साठवणाऱ्या डेटाबेसचा) बॅकअप घेऊन तो क्लस्टरबाहेर ठेवायचा. त्यातून परत उभे राहता येते ते त्याच आवृत्तीच्या क्लस्टरवर, हे अनेकांच्या ध्यानात नसते. बॅकअप म्हणजे मागच्या आवृत्तीचे परतीचे तिकीट नव्हे. ४.१५ वरून ४.१४ वर उतरण्याचा अधिकृत मार्गच नाही. आजारी नोड आपोआप बदलणाऱ्या ‘मशीन हेल्थ चेक’ला विराम द्यायचा, नाहीतर अपग्रेडमध्ये रीबूट होणारा धडधाकट नोडही तो आजारी समजून काढून टाकू शकतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते ते रद्द होणाऱ्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामांनी क्लस्टरशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतींकडे. ओपनशिफ्ट ४.९ मध्ये कुबरनेटिस १.२२ आले, आणि त्या आवृत्तीने इन्ग्रेस, कस्टम रिसोर्स डेफिनिशन वगैरेंचे बरेच जुने बीटा एपीआय काढून टाकले. त्यामुळे ४.८ च्या क्लस्टरला पुढे जायचे तर प्रशासकाने ‘ॲडमिन-ॲक्स’ नावाच्या कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंगच्या नोंदीत) आपल्या हाताने संमती लिहायची, अशी अट घातली गेली. १.२५ आणणाऱ्या ४.१२ च्या आधीही असेच झाले. ही संमती काही तपासत नाही, ती फक्त सही आहे. तपासायचे ते ‘एपीआय रिक्वेस्ट काउंट’ या नोंदींतून : कोणता एपीआय पुढे काढला जाणार आहे, आणि तो अजून कोण वापरतो आहे. या नोंदी मात्र शेवटच्या २४ तासांच्याच असतात. महिनाअखेरीला एकदाच चालणारा पगाराचा जॉब जुना एपीआय वापरत असेल, तर पंधरा तारखेला पाहणाऱ्याला सगळे स्वच्छ दिसेल. यादी कोरी आहे म्हणून सही ठोकणे धोक्याचे. डिप्लॉयमेंटच्या फायली, हेल्म चार्ट (ॲप बसवण्याचे साचे) आणि सीआय पाइपलाइन (बांधणी-चाचणीची स्वयंचलित साखळी) एकदा वाचाव्याच लागतात.

प्रत्यक्ष क्रम

कमांड दिल्यावर क्लस्टर व्हर्जन ऑपरेटर नव्या आवृत्तीची रिलीज इमेज (त्या आवृत्तीचा संच) उतरवतो, तिची डिजिटल सही पडताळतो आणि तिच्यातल्या शेकडो मॅनिफेस्ट (घटकांची लिखित वर्णने) ठरलेल्या क्रमाने लावत जातो. आधी एटसीडी, मग एपीआय सर्व्हर, मग कंट्रोलर मॅनेजर आणि शेड्युलर, नंतर इतर ऑपरेटर, आणि नोडना हात लावणारा मशीन कॉन्फिग ऑपरेटर शेवटी. हा क्रम मनमानी नाही. नोडवरचा क्युबलेट (तिथले कंटेनर चालवणारा प्रोग्राम) एपीआय सर्व्हरपेक्षा जुना चालतो, नवा चालत नाही.

मशीन कॉन्फिग ऑपरेटर प्रत्येक पूलमधला एकेक नोड घेतो, त्यावर नवे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) येणे बंद करतो, असलेले पॉड हलवतो, ऑपरेटिंग सिस्टिमची नवी प्रतिमा लावतो आणि नोड रीबूट करतो. एका वेळी किती नोड खाली जाऊ शकतात हे ‘मॅक्स अनअव्हेलेबल’ने ठरते, मूळ मूल्य १. मोठ्या वर्कर पूलला (ॲप चालवणाऱ्या नोडच्या गटाला) म्हणूनच फार वेळ लागतो.

इथे एक ठरलेली फसगत होते. ‘ओसी गेट क्लस्टरव्हर्जन’ अपग्रेड पूर्ण झाल्याचे सांगते तेव्हा कंट्रोल प्लेनचे (क्लस्टरचा कारभार पाहणारे) नोड झालेले असतात. वर्करचे नोड तेव्हाही रांगेत असू शकतात, कारण क्लस्टर व्हर्जन त्यांच्यासाठी अडून राहत नाही. रात्रीची चेंज विंडो (बदलासाठी राखलेली वेळ) त्या एका ओळीवर बंद करणाऱ्या टीमला सकाळी भर कामाच्या वेळी नोड रीबूट होताना दिसतात. ‘ओसी गेट एमसीपी’ (मशीन कॉन्फिग पूलांची स्थिती) पाहिल्याशिवाय काम संपले असे धरू नये.

अडकणे

अपग्रेड अडकते ते बहुधा पॉड हलवताना. एकाच प्रतीवर चालणाऱ्या डेटाबेसला कोणीतरी ‘किमान एक प्रत चालू हवी’ असे पॉड डिसरप्शन बजेट लावलेले असते. ती एक प्रत हलवायची तर बजेट मोडते, न हलवावी तर नोड रिकामा होत नाही. ऑपरेटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. सगळ्या नेमस्पेसमधली (क्लस्टरच्या विभागांमधली) बजेटे आधीच पाहून ज्यांत ‘अलाउड डिसरप्शन्स’ शून्य दिसते त्यांच्या मालकांशी बोलून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

अशा वेळी हात ‘फोर्स’ या पर्यायाकडे जातो. तो सहीची पडताळणी आणि सुरुवातीच्या अटी ओलांडतो, बस. न हलणारा पॉड त्याने हलत नाही. म्हणजे अडचण जिथली तिथे राहते आणि वर सुरक्षा गेलेली असते.

ईयूएस ते ईयूएस या प्रवासात, समजा ४.८ वरून ४.१० वर जाताना, कंट्रोल प्लेनला ४.९ ची पायरी चुकत नाही, पण वर्कर पूल थांबवून ठेवला तर त्याचे नोड मधली आवृत्ती गाळून थेट शेवटच्या आवृत्तीवर जातात. थांबवलेला पूल विसरणे मात्र महागात पडते. क्युबलेटशी बोलताना एपीआय सर्व्हर ज्या प्रमाणपत्रावर विसंबतो ते वर्षभराचे असते आणि २९२ व्या दिवशी नवे तयार होते. अशा जुन्या आवृत्त्यांत थांबलेल्या पूलच्या नोडपर्यंत ते पोचत नाही, आणि मग पॉडचे लॉग पाहणेही बंद पडते.

इंटरनेट नसलेल्या क्लस्टरमध्ये रिलीज इमेज आणि तिची सही आधी ‘ओसी मिरर’ने स्थानिक रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) आणावी लागते. मग आवृत्तीच्या क्रमांकाऐवजी इमेजचा डायजेस्ट (तिची अचूक ओळख पटवणारा हॅश) देऊन अपग्रेड सुरू करता येते, किंवा आलेख देणारी सेवाच आपल्या जाळ्यात उभारता येते.

निव्वळ कुबरनेटिसमध्ये क्युबॲडम या साधनाने हेच काम करताना ‘अपग्रेड प्लॅन’ आणि ‘अपग्रेड अप्लाय’नंतर प्रत्येक नोड हाताने रिकामा करणे, क्युबलेटचे पॅकेज बदलणे आणि नोड पुन्हा खुला करणे प्रशासकाकडेच असते. नोडची ऑपरेटिंग सिस्टिम क्युबॲडमच्या कक्षेबाहेर राहते.